लोखंडी पट्टी एका दिवसात सुटत नाही
(धावपटू विल्मा रुडॉल्फ हिच्या कारकिर्दीविषयी)



यंदाच्या क्रीडा सप्ताहात सातवीच्या मुलींनी शाळेच्या भित्तिपत्रकावर एका अमेरिकन धावपटूची गोष्ट लिहिली होती. अक्षर सुरेख, चित्रही छान. गोष्ट थोडक्यात अशी : विल्मा रुडॉल्फ नावाच्या मुलीला लहानपणी पोलिओ झाला. ती कधी चालणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. नवव्या वर्षी तिने निश्चय केला, पायातील लोखंडी पट्ट्या काढून फेकल्या आणि धावायला लागली. प्रत्येक शर्यतीत ती शेवटची येई, मग एके दिवशी पहिली आली. ऑलिंपिकमध्ये तिची गाठ युटा हाइने या अजिंक्य धावपटूशी पडली आणि विल्माने तिला तीनही शर्यतींत हरवले. खाली लाल शाईने लिहिले होते, 'इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही.'

आम्ही मुलींना शाबासकी दिली. का न द्यावी? हीच गोष्ट आम्ही स्वतः प्रार्थनेच्या वेळी कितीतरी वर्षे सांगत आलो आहोत. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. त्या काळी एका हिंदी मासिकात ती वाचली होती आणि तशीच डोक्यात राहिली. पण तिथेच उभ्या असलेल्या पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पट्टी काढल्यावर लगेच कसं काय धावता येतं? माझा हात मोडला होता ना, तेव्हा प्लास्टर काढल्यावर महिनाभर हात वाकतच नव्हता."

आम्ही निरुत्तर झालो. प्रश्न अगदी बरोबर होता. मग आम्ही विल्माच्या जीवनाविषयी जे मिळेल ते वाचून काढले. भित्तिपत्रकावरची गोष्ट बरीच अपुरी आणि काही ठिकाणी चुकीची आहे, हे लक्षात आले. खरी हकीकत चमत्काराची नाही. पण आमच्या मते ती चमत्कारापेक्षा मोठी आहे. त्या मुलीला द्यायचे उत्तर आज सर्वांसमोर देत आहोत.

पोलिओ म्हणजे काय?

आजच्या मुलांनी पोलिओ पाहिलेला नाही, हे त्यांचे भाग्य. 'दो बूंद' पाजण्यासाठी घरोघर फिरणारे कार्यकर्ते पालकांना आठवत असतील. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. विल्माच्या लहानपणी मात्र या रोगावर लसच नव्हती. अमेरिकेत ती १९५५ मध्ये आली, तोवर विल्मा पंधरा वर्षांची होत आली होती.

पोलिओचा विषाणू पोटात जातो आणि काही मुलांच्या बाबतीत पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो. स्नायूंना 'हल' असा हुकूम देणाऱ्या ज्या पेशी तिथे असतात, त्यांना तो मारतो. स्नायू स्वतः चांगला असतो, पण त्याला हुकूमच मिळत नाही. आणि न वापरलेला स्नायू वाळत जातो. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. ज्या वाचलेल्या असतात त्यांच्याकडून जास्त काम करून घ्यावे लागते. त्यासाठी शेक, मालीश आणि व्यायाम रोज, न चुकता, वर्षानुवर्षे करावे लागतात. लोखंडी पट्टी पायाला उभे राहण्यापुरता आधार देते. पाय बरा करत नाही. म्हणून पट्टी फेकून पाय बरा होत नाही. पाय बरा होत जातो, तेव्हा कधीतरी पट्टी सुटते.

आठवड्याचा प्रवास, दिवसाची चार मालिशे

विल्माचा जन्म २३ जून १९४० रोजी अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिल गावाजवळ झाला. ती वेळेआधी जन्मली. वजन सुमारे दोन किलो. वडील रेल्वेत हमाल होते, आई ब्लांश गोऱ्या लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करीत असे. वडिलांची दोन लग्ने झाली होती आणि दोन्ही मिळून बावीस मुले; त्यांत विल्मा विसावी. लहानपणी तिला न्यूमोनिया झाला, स्कार्लेट फीव्हर झाला आणि चार-पाच वर्षांची असताना पोलिओ. डावा पाय लुळा पडला.

हे कुटुंब कृष्णवर्णीय होते. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात वर्णभेद कायद्याने चालू होता. शाळा वेगळ्या, हॉटेले वेगळी, बसमध्ये मागच्या बाजूची बाके वेगळी. दवाखान्यांचेही तेच. कृष्णवर्णीय मुलांवर असे उपचार करणारे रुग्णालय होते नॅशव्हिल शहरात, मेहॅरी या कृष्णवर्णीयांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. अंतर सुमारे ८० किलोमीटर. इंदूरहून उज्जैन जितके लांब, त्याच्या जवळजवळ दीडपट.

आई मुलीला घेऊन दर आठवड्याला बसने नॅशव्हिलला जात असे, सुमारे दोन वर्षे. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशोब करून पाहावा : जाऊन-येऊन १६० किलोमीटर, वर्षाचे ५२ आठवडे, दोन वर्षे. सोळा हजार किलोमीटरच्या वर होतात. रुडॉल्फ घराण्यातील पहिली लांब पल्ल्याची धाव ही होती, आणि ती विल्माने नव्हे, आईने पूर्ण केली.

रुग्णालयात शेक आणि व्यायाम होत. पण आठवड्यातून एकदा केलेल्या उपचाराने काय होणार? म्हणून आई तिथे मालीश करायला शिकली आणि घरी येऊन तिने मोठ्या मुलांना शिकवले. मग आई आणि भावंडे आळीपाळीने दिवसातून चार वेळा विल्माच्या पायाला मालीश करू लागली. दिवसाला चार म्हणजे वर्षाला १,४६०. या मालिशीचा फोटो कुठे छापून आला नाही आणि कोणाला पदक मिळाले नाही. पण विल्माच्या कारकिर्दीचा पाया तिथे घातला गेला, असे आम्हाला वाटते.

आजारपणामुळे विल्माचा अभ्यास सुरुवातीला घरीच झाला. १९४७ मध्ये, सातव्या वर्षी, ती एकदम दुसरीत दाखल झाली. नऊ वर्षांची होईपर्यंत पायात पट्टी होती. ती सुटल्यावरही आणखी दोन-तीन वर्षे खास बनवलेला बूट घालावा लागला. बाराव्या वर्षाच्या सुमारास ती कोणत्याही आधाराशिवाय चालू-खेळू लागली. म्हणजे आजारापासून मोकळ्या पायापर्यंत सात-आठ वर्षे गेली. प्लास्टरच्या हाताला महिना लागला होता ना? विल्माच्या पायाला इतकी वर्षे लागली.

शाळेचे मैदान

क्लार्क्सव्हिलमधील बर्ट हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. विल्माची मोठी बहीण बास्केटबॉलच्या संघात होती. तिच्या मागोमाग विल्माही तिथे जाऊ लागली. पहिल्या काळात ती बहुतेक वेळा बाकावर बसून राही. प्रशिक्षक क्लिंटन ग्रे सर तिला 'स्कीटर' म्हणत, म्हणजे डास. कारण ती सारखी पायात पायात करी, कानाशी गुणगुणावे तशी मागे लागे. सरांनी डासाला हाकलून दिले नाही, एवढे खरे.

बास्केटबॉल खेळतानाच तिच्यावर एड टेंपल यांची नजर पडली. टेंपल सर नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात मुलींच्या धावण्याच्या संघाचे प्रशिक्षक होते. त्यांनी या उंच, लांब पायांच्या मुलीला उन्हाळी शिबिराला बोलावले. ज्या शहरात ती लुळा पाय घेऊन येत असे, त्याच शहरात ती आता धावायला शिकण्यासाठी येऊ लागली.

याच सुमारास अलाबामा राज्यात टस्कीगी येथे झालेल्या मोठ्या स्पर्धेत विल्मा एकूण एक शर्यती हरली. भित्तिपत्रकावरच्या गोष्टीत 'शेवटची येई' हे बहुधा इथूनच आले असावे. पण ती कमजोर म्हणून हरली नव्हती. गावात ती सर्वांत वेगवान होती. पण नुसता वेग पुरत नाही, हे तिला त्या दिवशी कळले. शंभर मीटरच्या शर्यतीत खाली वाकून सुटायचे कसे, पहिल्या वीस-तीस मीटरमध्ये अंग हळूहळू सरळ करायचे कसे, शेवटी दमल्यावर खांदे आणि जबडा न आवळता धावायचे कसे, हे सर्व शिकावे लागते. उंच धावपटूला सुटताना वेळ लागतो. विल्मा जवळजवळ सहा फूट उंच होती आणि सुरुवात हा तिचा कच्चा दुवा शेवटपर्यंत राहिला. तिची ताकद शर्यतीच्या उत्तरार्धात होती.

१९५६ मध्ये, शाळेत शिकत असतानाच, सोळा वर्षांची विल्मा मेलबर्न ऑलिंपिकला गेली. २०० मीटरमध्ये प्राथमिक फेरीतच बाद झाली. पण ४ बाय १०० मीटर रिलेत मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज आणि इसाबेल डॅनियल्स यांच्यासह तिने कांस्यपदक मिळवले. मे फॅग्ज ही त्यांच्यातली अनुभवी ताई. तिनेच या लहान मुलीला धीर दिला, सांभाळून घेतले. पदक घेऊन विल्मा परत आपल्या वर्गात येऊन बसली.

टेंपल सर

टेंपल सरांविषयी शिक्षकांनी आणि विश्वस्तांनी आवर्जून वाचावे. त्यांच्याकडे काय होते? धड पुरे न झालेले मैदान, अगदी अपुरा पैसा आणि गावोगावच्या गरीब मुली. शिष्यवृत्ती नव्हती, मुली विद्यापीठातच रोज काही तास काम करून शिक्षणाचा खर्च भागवत. स्पर्धेला जायचे तर सर स्वतःच्या मोटारीतून नेत. वाटेतल्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांना जेवण मिळत नसे, म्हणून डबे बांधून घ्यायचे. संघाला 'टायगरबेल्स' म्हणत.

शिस्त मात्र कडक. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा सराव. जितकी मिनिटे उशीर, तितक्या मैदानाच्या फेऱ्या. एकदा विल्मा झोपून राहिली आणि अर्धा तास उशिरा आली. तिला तीस फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच येऊन बसली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पण सरांचा सर्वांत मोठा नियम धावण्याचा नव्हता, अभ्यासाचा होता. त्यांच्या लेखी पदवी आधी, पदक नंतर. त्यांच्या चाळीस-बेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत ४० धावपटू ऑलिंपिकला गेल्या, त्यांनी २३ पदके आणली, आणि जवळजवळ सर्वांनी पदवी पूर्ण केली. १९६४ आणि १९६८ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारी वायोमिया टायस ही त्यांचीच विद्यार्थिनी. एखादी मुलगी दैवाने वेगवान निघेल. चाळीस मुली दैवाने निघत नाहीत.

जी गोष्ट गाळली जाते

१९५८ मध्ये, शाळेच्या शेवटच्या वर्षी, विल्मा आई झाली. तिचे लग्न झालेले नव्हते. शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टींतून हा भाग बहुधा गाळतात. आम्हीही गाळावा की काय, असा विचार केला. पण घरात वाढत्या वयाची मुले असलेल्या पालकांनी हा भाग वाचायला हवा, असे वाटून लिहीत आहोत.

त्या गावात, त्या काळात, अशा मुलीचे शिक्षण तिथेच संपत असे. टेंपल सरांचा तर नियमच होता की मूल असलेली मुलगी संघात घ्यायची नाही. पण घरच्यांनी तिला घराबाहेर काढले नाही. बाळाला त्यांनी सांभाळले आणि तिला कॉलेजात पाठवले. सरांनी आपला नियम तिच्यासाठी बाजूला ठेवला. तीस फेऱ्या मारायला लावणारा माणूस इथे वाकला. शिस्त कोणत्या गोष्टीसाठी आहे हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ती कुठे सैल करायची हेही कळते. त्या वर्षी आईवडिलांनी किंवा सरांनी दार लावून घेतले असते, तर दोन वर्षांनी रोममध्ये काय झाले ते लिहायला आज कोणी बसले नसते.

रोम, १९६०

जुलै १९६० मध्ये टेक्सास राज्यातील स्पर्धेत विल्माने २०० मीटर अंतर २२.९ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला. त्यानंतर रोम ऑलिंपिक. अमेरिकेच्या महिला संघाचे प्रशिक्षक टेंपल सरच होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव करताना गवतातल्या खड्ड्यात पाय जाऊन तिचा घोटा मुरगळला आणि सुजला. घोट्याला घट्ट पट्टी बांधून ती धावली.

१०० मीटरच्या उपांत्य फेरीत ११.३ सेकंद, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी. २ सप्टेंबरला अंतिम शर्यत तिने ११.० सेकंदांत जिंकली. तरीही हा जागतिक विक्रम धरला गेला नाही. का? कारण वारा. धावपटूच्या पाठीमागून वारा वाहत असेल तर तो तिला पुढे ढकलतो. म्हणून नियम असा की वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असल्यास शर्यत खरी, पदक खरे, पण विक्रम नोंदवायचा नाही. त्या दिवशी वारा मर्यादेच्या वर होता. पुढच्याच वर्षी, जुलै १९६१ मध्ये, जर्मनीतील श्टुटगार्ट येथे तिने ११.२ सेकंदांचा रीतसर जागतिक विक्रम केलाच.

५ सप्टेंबरला २०० मीटर तिने २४.० सेकंदांत जिंकली. आता भित्तिपत्रकावरील चूक दुरुस्त करू. युटा हाइने ही जर्मन धावपटू २०० मीटरमध्ये दुसरी आली, हे खरे. पण १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत ती नव्हतीच. तिथे दुसरी आली ब्रिटनची डॉरोथी हायमन आणि तिसरी इटलीची ज्युसेप्पिना लिओने. गोष्टीला एक खलनायिका लागते म्हणून कोणीतरी हाइनेला तीनही ठिकाणी उभे केले.

तिसरी शर्यत रिले. या शर्यतीत एकीने दुसरीच्या हाती काठी द्यायची असते, आणि तीही ठरलेल्या पट्ट्यातच; त्या काळी तो २० मीटरचा होता. देणारी पूर्ण वेगात, घेणारी नुकती वेग घेणारी आणि मागे न पाहता हात मागे करून धावणारी. काठी पडली तर सर्व संपले. हात चुकला तर वेळ जातो. ४०० मीटर अंतर ४४-४५ सेकंदांत म्हणजे सेकंदाला सुमारे ९ मीटर. एका दहांश सेकंदात जवळजवळ एक मीटर. म्हणून रिले पायांइतकीच हातांचीही शर्यत असते.

८ सप्टेंबरच्या अंतिम फेरीत मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि विल्मा अशा चौघी धावल्या. चौघीही टायगरबेल्स, एकाच विद्यापीठाच्या, एकाच मैदानावर वाढलेल्या. आदल्या फेरीत त्यांनी ४४.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता. पण अंतिम शर्यतीत शेवटची काठी देता-घेताना जोन्स आणि विल्मा यांचा मेळ चुकला. विल्माला जवळजवळ थांबावे लागले आणि जर्मनीकडून शेवटच्या टप्प्यात धावणारी हाइने पुढे निघाली. विल्माने तिला गाठले आणि ओलांडले. वेळ ४४.५ सेकंद. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदके मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली. ही शर्यत तिने आपल्या ताकदीच्या जागी, म्हणजे उत्तरार्धात जिंकली. पण काठी तिच्या हातात येण्याआधीचे तीनशे मीटर इतर तिघी धावल्या होत्या, हेही विसरू नये.

दहांश सेकंदाची किंमत आपल्यालाही माहीत आहे. याच स्टेडियममध्ये ६ सप्टेंबरला, विल्माच्या दुसऱ्या सुवर्णपदकाच्या दुसऱ्या दिवशी, मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. तिसऱ्याचे ४५.५, मिल्खा सिंगांचे ४५.६.

गावाने केलेला सत्कार

क्लार्क्सव्हिलने ४ ऑक्टोबर १९६० रोजी विल्माच्या सत्काराचा दिवस ठरवला. मिरवणूक आणि रात्री मेजवानी. त्या गावात तोवर असा कोणताही सार्वजनिक कार्यक्रम गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी एकत्र बसून केला नव्हता. वीस वर्षांच्या विल्माने सांगितले, सर्वजण एकत्र असतील तरच आपण येऊ. गाव कबूल झाले. त्या रात्रीच्या मेजवानीला सुमारे ११०० माणसे एकत्र जेवली. ज्या बसमध्ये आईला मागे बसावे लागत होते, त्याच गावात लेकीच्या नावाने सर्वांची एक पंगत बसली. तीन सुवर्णपदकांइतकाच हाही पराक्रम आहे. पुढे मे १९६३ मध्ये गावातील एक हॉटेल कृष्णवर्णीयांना आत घेत नव्हते, त्याविरुद्धच्या निदर्शनांतही ती उभी राहिली.

पदकानंतर

१९६२ च्या उन्हाळ्यात, सोव्हिएत संघाविरुद्धच्या सामन्यात १०० मीटर आणि रिले जिंकून विल्माने धावणे थांबवले. वय फक्त बावीस. १९६४ मध्ये तीनपेक्षा कमी पदके मिळाली तर लोक त्याला अपयश म्हणतील, हे तिला दिसत होते. शिवाय त्या काळी ऑलिंपिकच्या खेळाडूला खेळातून पैसे घेण्याची मनाईच होती. पदकांनी घर चालत नव्हते.

घर चालवायला उपयोगी पडली ती टेंपल सरांनी आग्रहाने पूर्ण करवून घेतलेली पदवी. १९६३ मध्ये विल्मा शिक्षणशास्त्राची पदवीधर झाली आणि ज्या प्राथमिक शाळेत ती दुसरीत दाखल झाली होती, तिथेच शिक्षिका झाली. बर्ट हायस्कूलमध्ये धावण्याची प्रशिक्षिकाही झाली. पुढची वर्षे सोपी नव्हती. अनेक शहरे, अनेक नोकऱ्या, पैशाची ओढाताण. १९७७ मध्ये तिने आत्मचरित्र लिहिले, १९८१ मध्ये होतकरू मुलांसाठी स्वतःच्या नावाने संस्था काढली. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी मेंदूतील गाठीमुळे तिचे निधन झाले. वय अवघे ५४. २००४ मध्ये अमेरिकेने तिच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आपण यातून काय घ्यावे?

'इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही' हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण त्यात एक सोय दडलेली आहे, आणि ती आम्हा मोठ्यांची सोय आहे. सर्व काही मुलाच्या इच्छाशक्तीवर सोपवले की आपली जबाबदारी संपते. मूल जिंकले तर इच्छाशक्ती होती, नाही जिंकले तर नव्हती. मग बसचे तिकीट कोणी काढायचे, मालीश कोणी करायची, डासासारख्या मागे लागणाऱ्या मुलीला संघात कोणी घ्यायचे, हे प्रश्न कोणी विचारतच नाही. विल्माची इच्छाशक्ती मोठी होतीच. तिच्याशिवाय हे काहीच झाले नसते. पण तिच्या आईची, भावंडांची, ग्रे सरांची, मे ताईची आणि टेंपल सरांची इच्छाशक्ती तिच्यापेक्षा लहान नव्हती.

आता थोडे आपल्या घरचे. आमच्या शाळेत पाचवी-सहावीच्या मुली मैदानावर मुलांच्या बरोबरीने धावतात. आठवीपासून पालकांच्या चिठ्ठ्या यायला लागतात : 'शिकवणीची वेळ आहे', 'ऊन लागते', 'आता पुरे झाले.' दहावीपर्यंत सकाळच्या सरावाला तीन-चार मुली उरतात. त्या मुलींची इच्छाशक्ती आठवीत अचानक कशी संपते? ती संपत नाही, आपण ती चिठ्ठी लिहून परत मागवतो. आणि दोष आमचाही आहे. अशा चिठ्ठ्यांवर आम्ही न विचारता सही करीत आलो आहोत.

म्हणून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे अशी चिठ्ठी आली तर सही करण्यापूर्वी आम्ही त्या मुलीशी आणि पालकांशी बसून बोलू. सकाळच्या सरावाला येणाऱ्या मुलींचा बुडालेला अभ्यास शिक्षक मधल्या सुट्टीनंतर भरून काढून देतील. टेंपल सरांचा नियम आम्ही विसरलेलो नाही. आणि विश्वस्त मंडळाला विनंती आहे की मैदानाच्या उत्तरेकडील खड्डे पावसाळ्यापूर्वी भरून घ्यावेत. रोममध्ये गवतातल्या एका खड्ड्याने काय होऊ शकले असते, ते वर लिहिलेच आहे.

सातवीच्या मुलींनी भित्तिपत्रक पुन्हा लिहायला घेतले आहे. या वेळी पाचवीतली ती मुलगीही त्यांच्याबरोबर बसली आहे. विल्माच्या चित्राशेजारी त्यांनी आणखी एक चित्र काढले आहे : बसच्या मागच्या बाकावर बसलेली एक बाई आणि तिच्या मांडीवर झोपलेली मुलगी. लाल शाईची ओळ अजून ठरायची आहे. ती त्याच ठरवतील; आम्ही सुचवणार नाही.